पेडर रोडवर फोडलेलं खापर

लेडीज डब्यात उठणारीची सीट धरून ठेवायला "कुठे उतरणार?" असं कुणीच कुणाला विचारलं नाही, असा प्रवास मी तीस वर्षांत एकदाच केला. १९ जानेवारी २०२५, रविवार, पहाटे सव्वातीनचा सुमार. मुंबई मॅरेथॉनसाठी कल्याणहून सोडलेली खास लोकल डोंबिवलीत आली, मी चढले आणि चक्क खिडकी मिळाली. सगळ्यांनाच शेवटच्या स्टेशनात उतरायचं होतं, मग विचारणार कोण? समोरची मुलगी पायाच्या बोटांना व्हॅसलीन चोळत होती. कुणी केळं सोलत होतं, कुणाच्या तरी बॅगेतून बामाचा वास येत होता. एक बाई दोन सेफ्टी पिना ओठांत धरून, छातीवरचा बिब, म्हणजे नंबराचा कागद, सरळ लागलाय का, हे शेजारणीला भुवयांनी विचारत होत्या. रविवार म्हटला की आम्हा डोंबिवलीकरांच्या वाट्याला मेगाब्लॉक. आज रेल्वे आमच्यासाठी मध्यरात्री उठून बसली होती.

ही माझी दुसरी फुल मॅरेथॉन, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटरची. पहिली २०१४ ची. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते.

मधल्या अकरा वर्षांचं थोडक्यात सांगते. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि माझं पहाटे घराबाहेर पडणं थांबलं ते थांबलंच. मग लेकीची दहावी, बारावी. मग माझा उजवा गुडघा. मग करोना. २०२१ आणि २०२२ मध्ये तर स्पर्धाच झाली नाही. तेव्हा 'मीच कशाला, कुणीच धावत नाहीये' असं एक दुष्ट समाधान मिळत होतं. २०२३ ला ती पुन्हा सुरू झाली आणि तेवढंही गेलं.

एक गोष्ट मात्र मी अकरा वर्षं नेमानं केली. कुणी विचारलं, "फुल किती वेळात केली होतीस?" की माझं उत्तर ठरलेलं. "पाच तास दोन मिनिटं. पाचाच्या आत आले असते हो, पण तो पेडर रोड!" मुंबईत धावणाऱ्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं, तो लगेच मान हलवतो. सीएसएमटीहून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी लिंकवरून वांद्रे आणि मग माहीम, दादर, प्रभादेवी करत परत, असा तेव्हाचा हा रस्ता. पेडर रोड त्यात दोनदा लागायचा. जाताना तो कळायचाही नाही. येताना पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, पायांतलं सगळं संपलेलं असताना, समोर चढ उभा राहायचा. इतका सोयीचा खलनायक दुसरा मिळणार नाही. मीही सगळं खापर त्याच्यावर फोडून मोकळी झाले होते.

हे खापर माझ्याच कपाटात फुटलं. फुल मॅरेथॉनला नाव घालायचं तर आधीच्या एखाद्या शर्यतीचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं. माझं २०१४ चं होतं, ते काही आता चालणार नव्हतं. तरी एकदा बघावं म्हणून गॅसची पुस्तकं, लेकीच्या लसीकरणाचं कार्ड वगैरे उपसून ते शोधलं. वर 'स्टँडर्ड चार्टर्ड' लिहिलेलं, कारण ही शर्यत 'टाटा' झाली ती २०१८ पासून. सोबत स्प्लिट्सचा, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळांचा कागद, घडीवर पिवळा पडलेला. चष्मा लावून वाचला. पहिले १० किलोमीटर १ तास १ मिनिट. अर्धं अंतर २ तास १३ मिनिटं. ३० किलोमीटर ३ तास २४ मिनिटं.

मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करते. आकडे समोर आले की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. सुरुवातीला किलोमीटरला सहा मिनिटं. अर्ध्या अंतरानंतर आठ. तीसच्या पुढे, पेडर रोड धरून, तेही आठच. म्हणजे माझं कंबरडं मोडलं होतं ते माहीम-दादरमध्ये. पेडर रोडला मी पोचले तेव्हा मोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या चढानं माझं एक मिनिटसुद्धा खाल्लं नव्हतं. खाल्लं होतं पहिल्या दहा किलोमीटरनी, जे मला अकरा वर्षं 'काय मस्त धावले होते मी!' म्हणून आठवत होते.

नवऱ्याला कागद दाखवला. तो म्हणाला, "मग आता पेडर रोडची माफी मागायला जाणार का?" आणि पेपर वाचायला लागला. मला तेवढंच पुरलं.

सर्टिफिकेटसाठी जुलैत ठाण्यात एक छोटी हाफ मॅरेथॉन धावले. पाऊस असा की बुटांतून प्रत्येक पावलाला पच्च पच्च. २ तास २७ मिनिटं. ऑगस्टमध्ये फुलसाठी अर्ज भरला, पैसे भरले आणि मगच घरी सांगितलं.

गुडघ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण चाळिशी-पन्नाशीतल्या निम्म्या बायका तिथेच थांबतात. ज्या डॉक्टरांना मी आधी दाखवलं होतं त्यांनी एक्स-रेकडे बघून, माझ्याकडे न बघताच, "आता पोहायला जा" असं सांगितलं होतं. त्या वाक्यावर मी चार वर्षं काढली, आणि पोहायलाही गेले नाही. मग एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं मला एका पायावर उभं केलं आणि आरशात बघायला सांगितलं. माझी कंबर एका बाजूला अशी कलली होती की कडेवर मूल घेतलंय असं वाटावं. ती म्हणाली, "काकू, गुडघा बिचारा मधला आहे. वरचा माणूस काम करत नाही म्हणून त्याच्यावर भार येतो." वरचा माणूस म्हणजे कमरेचे, नितंबांचे स्नायू. मी बत्तीस वर्षं ऑफिसात आहे, हे मला लगेच समजलं.

तेव्हापासून रोज सकाळी दूध तापेपर्यंत मी ओट्याशी एका पायावर उभी. डावा, मग उजवा. लेक म्हणायची, "आईचा बगळा झालाय." दोनदा दूध उतू गेलं. तीन महिन्यांनी जिना उतरताना होणारी कळ गेली.

दुसरी भानगड रक्ताची. थोडं धावलं की धाप लागायची. मी ती वयाच्या खात्यात टाकली होती. तपासलं तर हिमोग्लोबिन १०.४. पाळी जाण्याआधीची ती दोन-तीन वर्षं, महिन्याला पंधरा-पंधरा दिवस चालणारं प्रकरण, आणि आपण मात्र 'स्टॅमिना राहिला नाही' म्हणत बसतो. लोहाच्या गोळ्यांनी चार महिन्यांत जो फरक पडला तो कुठल्याही महागड्या बुटांनी पडला नसता. बूट घेतलेही होते म्हणा, ऑनलाइन, अर्धा नंबर लहान. डाव्या अंगठ्याचं नख काळं होऊन पडलं तेव्हा कळलं.

सराव आठवड्यातून चार दिवस. डोंबिवलीत धावायचं कुठे हा प्रश्नच आहे. अख्खं गाव कायम कुठल्या ना कुठल्या कामासाठी खणलेलं. ठाकुर्लीचा नाइन्टी फीट रोड त्यातल्या त्यात बरा, पण पहाटे साडेपाचला तिथे चालणारे चौघे-चौघे एका ओळीत, राजकारणावर बोलत, हटता हटत नाहीत. चढासाठी भोपरची टेकडी. रविवारी लांबची धाव, २० पासून वाढवत डिसेंबरात एकदा ३२. ३२ च्या पुढे सरावात सहसा जात नाहीत. उरलेले दहा किलोमीटर शर्यतीच्या दिवसासाठी राखून ठेवायचे असतात.

सगळ्यात कठीण सराव हळू धावण्याचा होता. शरीरात साखरेचा जो साठा असतो तो जोरात पळणाऱ्याचा तिशीच्या आसपास संपतो. पुढचं इंजिन चरबीवर चालतं आणि ते रॉकेलच्या स्टोव्हसारखं, पंप मारा, मारा आणि मग कुठे भुरूभुरू पेटणार. हे मला २०१४ लाही माहीत होतं. कळलं ते पिवळ्या कागदावरून. यंदा ठरवलं, नऊ मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, तेही पहिल्या किलोमीटरपासून. दम लागल्यावर चालणं निराळं आणि दम असताना चालणं निराळं. दुसऱ्या चालण्याची लाज वाटते.

असो. गाडी साडेचारच्या पुढेमागे सीएसएमटीला लागली. २०१४ ला आम्ही सीएसटी म्हणायचो, मधला 'एम' नंतर आला. आझाद मैदानात बॅग ठेवायची आणि मग फिरत्या संडासांच्या रांगेत. अकरा वर्षांपूर्वी बायकांच्या रांगेत आम्ही सहा-सात जणी असायचो आणि पुरुषांच्या लांबलचक रांगेकडे बघून हसायचो. आता आमची रांगही वळसा घालून गेली होती. यावर तक्रार करावी की खूश व्हावं, हे रांगेत उभं असताना ठरवणं अवघड असतं.

फुल मॅरेथॉनवाले पहाटे पाचला सुटले. मी मागच्या सेक्शनमध्ये, रेषा ओलांडेपर्यंत पाच-नऊ झाले. आणि मग तो मोह. अंधार, गार हवा, मरीन ड्राइव्हचे दिवे, सपाट गुळगुळीत रस्ता, सगळे भराभर पुढे चाललेले. पाय नुसते उड्या मारत होते. नवव्या मिनिटाला घड्याळ थरथरलं आणि मी कडेला होऊन चालायला लागले. मागून एक तरुण मुलगा आला, खांद्याला हात लावून म्हणाला, "कम ऑन मावशी, अभी तो शुरू हुआ है!" मी त्याला हसून हात केला. त्याचा बिब नंबर लक्षात ठेवला, असं म्हणतात ना मनात धरणं, ते.

१० किलोमीटर १ तास १५ मिनिटं. मागच्यापेक्षा चौदा मिनिटं मागे. मनातला कारकून ओरडत होता, पण मी ऐकलं नाही.

हाजी अलीला आले तेव्हा क्षणभर कळेना आपण कुठे आहोत. २०१४ ला इथे रस्त्याला लागून समुद्र होता. आता त्यात कोस्टल रोडचे हात पसरलेत, दर्गा त्यांच्या पलीकडे. या रस्त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. डोंबिवलीच्या माणसाचं तिकडे काय काम, मी तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. वरळी सी फेसलाही तसंच, लाटा होत्या त्याच्यापुढे आता गाड्या. सोय झालीच असेल. मला मात्र खारा वारा तोंडावर यायला सी लिंकपर्यंत थांबावं लागलं.

सी लिंक २००९ ला सुरू झाला. एरवी त्यावर पायी जायला बंदी आहे, दुचाकीलाही. वर्षातली ही एक पहाट माणसांची. सातच्या सुमारास मी वर चढले. उजवीकडे खाली वरळीचा कोळीवाडा, होड्या अजून काळ्याच दिसत होत्या. त्यांच्यामागे माहीमच्या खाडीपलीकडे, दादरच्या इमारतींच्या फटीतून सूर्य वर आला. आधी केबलच्या तारा तांबड्या झाल्या, मग पुढच्या माणसांचे कान. आणि नेमकं माझं घड्याळ थरथरलं. साडेपाच किलोमीटरच्या या पुलावर, जिथे चालायला परवानगीच नाही, तिथे मी एक मिनिट हात मागे बांधून, आजीबाई देवळाला प्रदक्षिणा घालतात तशी चालले. २०१४ ला मी इथून धावत गेले होते म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. तेव्हा मी बहुतेक घड्याळाकडे बघत होते.

वांद्रे, अर्धं अंतर, २ तास ३८ मिनिटं. पुढे माहीम.

माहीमपासून मुंबई घरातून बाहेर येते. शिवाजी पार्कला लेझीम, कुठे बँड, कुठे शाळेची मुलं टाळीसाठी हात पुढे करून उभी. एका आजोबांनी मोसंबीच्या फोडी ताटलीत मांडल्या होत्या आणि दुसऱ्या हातात मिठाची वाटी. संक्रांत होऊन पाचच दिवस झाले होते. प्रभादेवीला नऊवारीतल्या एक बाई स्टीलचा डबा घेऊन तिळगूळ वाटत होत्या. "घ्या, गोड बोला, आणि पळा!" मी घेतला. तीस किलोमीटरला कोरड्या पडलेल्या तोंडात तिळाचा लाडू हा फारच चुकीचा निर्णय. पुढचं अर्धा किलोमीटर मी तो लाडू इकडून तिकडे फिरवत होते, थुंकायचा कसा? तिळगूळ कुणी थुंकतं का?

ते चाललेलं असतानाच मागून सायरन, मोटरसायकली, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं आघाडीचे धावपटू गेले. ते आमच्यानंतर, सात-वीसला निघाले होते. मी पावणेचार तासांत केलेलं अंतर त्यांनी दीड तासात केलं होतं. पाय जमिनीला लागतात की नाही कळत नव्हतं. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास. आम्ही सगळे दुखणेकरी थांबून टाळ्या वाजवायला लागलो. संध्याकाळी वाचलं, एरिट्रियाचा बेर्हाने तेस्फाय २ तास ११ मिनिटं ४४ सेकंदांत जिंकला. बायकांमध्ये केनियाची जॉयस तेले, २ तास २४ मिनिटं ५६ सेकंद. तेस्फायनं रेषा ओलांडली तेव्हा मी पेडर रोडला पोचायची होते.

पेडर रोड. अकरा वर्षं ज्याचं नाव घेतलं तो. हाजी अलीचा चौक ओलांडला, चढ सुरू झाला, मी डोकं खाली घातलं आणि छोटी छोटी पावलं टाकायला लागले. भोपरच्या टेकडीवर टाकायचे तशी. चढावर कोण काय करत होतं ते मला दिसलं. कडेला बसून पोटऱ्या दाबून घेणारे, स्प्रेसाठी हात वर करणारे, दुभाजकाला धरून उभे राहिलेले. त्यात तो माझा बिब नंबर. "कम ऑन मावशी"वाला. पोटरीत गोळा आला होता, तोंड पांढरं. मला वाटलं होतं की मजा येईल. नाही आली. मी तशीच दिसत असणार २०१४ ला. खिशातली मिठाची पुडी त्याला दिली, म्हटलं, "बोटं वर ओढ, पंजा आपल्याकडे." त्यानं ओढली. त्याला मी आठवत नव्हते.

जसलोक हॉस्पिटल गेलं, आणखी थोडं, आणि रस्ता सपाट झाला. मी मागे वळून पाहिलं. एवढाच? आमच्या रेल्वे पुलाचे जिने याहून वाईट आहेत.

आणि याच खुशीत मी केम्प्स कॉर्नरच्या उतारावर जरा सुटले. गुडघ्यानं लगेच आठवण करून दिली. चौपाटीला पोचेस्तोवर दहा वाजत आले होते, ऊन थेट तोंडावर, आणि पुढे मरीन ड्राइव्ह. पहाटे जो रस्ता कुशीत घेत होता, तोच आता संपता संपेना. किनारा वळत जातो, त्यामुळे नरिमन पॉइंटच्या इमारती सतत समोर दिसतात आणि जवळ येत नाहीत. पेडर रोडबद्दल सगळे बोलतात, या सपाट तीन किलोमीटरबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. इथे माझं नऊ-एकचं गणित कोसळलं. चार-एक झालं, मग दोन-एक, मग पुढचा दिव्याचा खांब, एवढंच. भर उन्हात वर आतून एक हॉट फ्लश आला. मी डोक्यावर पाण्याची अख्खी बाटली ओतली, चष्मा धुतला गेला, काही दिसेना, तरी चालू राहिले.

हुतात्मा चौकाला वळले तेव्हा कुणीतरी माझं बिबवरचं नाव वाचून हाक मारली. मग रेषा.

पाच तास एकवीस मिनिटं.

पदक गळ्यात घालून मी आझाद मैदानाच्या गवतावर आडवी झाले, तेव्हा नवऱ्याचा फोन. त्यानं ॲपवर सगळं बघितलं होतं. "म्हणजे मागच्यापेक्षा एकोणीस मिनिटं जास्तच की."

"शेवटचे बारा किलोमीटर बघ," मी म्हटलं. "मागच्या वेळी अठ्ठ्याण्णव मिनिटं लागली होती. आज शहाण्णव."

पलीकडे जरा शांतता. तो आकडे लावत असणार. मग म्हणाला, "जेवायला काय करू?"

परतीची गाडी नेहमीची होती. ठाण्याला चढलेल्या बाईनं दारातूनच विचारलं, "कुठे उतरणार?" मी डोंबिवली म्हटल्यावर ती माझ्या गुडघ्याला गुडघा लावून उभी राहिली. डोंबिवलीत मी सीटचा दांडा धरून दोन प्रयत्नांत उठले. पुलाचा जिना चढले, तो जमला. उतरताना मात्र मांड्या ऐकेनात, म्हणून कठडा धरून उलटी उतरायला लागले, एक एक पायरी, पाठ खाली करून. पदक बॅगेत होतं. एक भाजीची पिशवी घेतलेल्या काकू थांबल्या, माझ्या चिखलाळलेल्या बुटांकडे आणि ओल्या केसांकडे पाहिलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "पडलात की काय कुठे?"

"हो," मी म्हटलं. त्यांनी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मला खालपर्यंत धरून नेलं.